कर्नल ट्रेसिंग करताना इनलायनिंगच्या या चुका टाळा

लिनक्स कर्नलमधल्या (प्रणालीच्या गाभ्यातल्या) एखाद्या फंक्शनवर केप्रोब, म्हणजे ते फंक्शन चालले की नोंद करणारा सापळा, लावला, आज्ञा बिनतक्रार चालली आणि तरीही एकही नोंद उमटली नाही, तर 'हे फंक्शन चालतच नाही' असा निष्कर्ष काढणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. कंपायलर जेव्हा फंक्शनचा कोड कॉल करणाऱ्या फंक्शनमध्येच उतरवतो (यालाच इनलायनिंग म्हणतात), तेव्हा कोड चालतो, पण त्या जागी कॉलची सूचना उरत नाही. प्रोब मात्र फंक्शनच्या प्रवेशाच्या पत्त्यावर वाट पाहत बसतो.

सगळे कॉल इनलाइन झाले तर बहुधा फंक्शनचे नावच कॉलसिम्सच्या, म्हणजे कर्नलमधल्या नावांच्या आणि पत्त्यांच्या, यादीतून नाहीसे होते आणि प्रोब लावतानाच चूक दाखवली जाते. ही परिस्थिती त्या मानाने बरी, कारण बिघाड लगेच कळतो. खरा धोका अर्धवट इनलायनिंगचा आहे. त्याच फाइलमधले कॉल इनलाइन होतात, पण दुसऱ्या फाइलींतून येणारे कॉल मूळ प्रतीकडे जातात, त्यामुळे नाव यादीत असते, प्रोब बसतो, नोंदीही येतात, फक्त त्या अपुऱ्या असतात. असा आकडा पाहून कोणालाही शंका येत नाही, म्हणून मोजणीवर निर्णय घेण्यापूर्वी डीबग माहितीत (कंपायलरने सोर्स आणि तयार कोड यांची सांगड नोंदवलेल्या माहितीत) त्या फंक्शनच्या इनलाइन प्रती आहेत का, हे तपासलेच पाहिजे.

सोर्समध्ये 'इनलाइन' हा शब्द आहे की नाही, यावरून अंदाज बांधू नये. तो शब्द नसलेली लहान स्टॅटिक (त्याच फाइलपुरती मर्यादित) फंक्शने कंपायलर स्वतःच्या हिशेबाने सर्रास इनलाइन करतो. उलट, तो शब्द असलेले फंक्शन वेगळे राहिले तरी एफट्रेस या कर्नलच्या अंगभूत ट्रेसरच्या यादीत सापडत नाही, कारण कर्नलच्या हेडरमध्ये त्या शब्दाला 'नोट्रेस' (ट्रेस करू नये) हा गुणधर्म मुद्दाम जोडलेला आहे.

कंपायलर फंक्शनच्या नावाला जोडतो त्या शेपटीकडेही नीट पाहावे. नावापुढे '.पार्ट' असेल तर फंक्शनचा सुरुवातीचा, लवकर परतणारा भाग कॉल करणाऱ्यांमध्ये उतरला आहे आणि उरलेला भागच वेगळा राहिला आहे, त्यामुळे तिथल्या नोंदी म्हणजे एकूण कॉल नव्हेत. '.आयएसआरए' असेल तर पॅरामीटर बदललेले किंवा गाळलेले असू शकतात, आणि सोर्समधल्या क्रमाने रजिस्टर (पॅरामीटर ज्यांतून दिले जातात त्या प्रोसेसरमधल्या जागा) वाचल्यास पूर्णपणे चुकीची मूल्ये हाती येतात.

कर्नलच्या एका आवृत्तीवर चाललेली स्क्रिप्ट पुढच्या आवृत्तीवर चालेलच, असेही धरून चालू नये. डिस्कच्या विनंत्या मोजणारी बीसीसी या ट्रेसिंगच्या साधनसंचातली साधने बीएलके_अकाउंट_आयओ_स्टार्ट या फंक्शनवर प्रोब लावत असत. ते इनलाइन झाल्यावर ती मोडली. पुढे 6.5 या आवृत्तीत त्याच कामासाठी ब्लॉक_आयओ_स्टार्ट आणि ब्लॉक_आयओ_डन हे ट्रेसपॉइंट, म्हणजे नोंदीसाठी ठरवून ठेवलेल्या जागा, आले. म्हणून जिथे ट्रेसपॉइंट उपलब्ध आहे तिथे आधी तोच वापरावा, कारण तो सोर्समध्ये मुद्दाम लिहिलेला असतो आणि भोवतालचे फंक्शन इनलाइन झाले तरी टिकतो.

ट्रेसपॉइंट नसेल तर चालू कर्नलच्या त्याच बिल्डची डीबग माहिती मिळवून पर्फ या साधनाची 'पर्फ प्रोब' ही आज्ञा वापरावी. ती इनलाइन झालेल्या जागा शोधून प्रत्येक जागी वेगळा प्रोब लावते, पण अशा जागेला परतीचा पत्ता नसल्याने रिटर्न प्रोब (फंक्शन परतताना नोंद करणारा) तिथे लागू शकत नाही. कोड स्वतःचा असेल तर फंक्शनला 'नोइनलाइन' लावता येते. मात्र त्याने क्लोनिंग (कंपायलरने फंक्शनच्या बदललेल्या प्रती बनवणे) थांबत नाही, त्यासाठी जीसीसी या कंपायलरमध्ये 'नोक्लोन' हा वेगळा गुणधर्म आहे. शिवाय वेगाची मोजणी चालू असताना असा बदल केला, तर मोजला जाणारा कोड मूळचा राहत नाही.

एफट्रेसच्या फंक्शन ग्राफमधील, म्हणजे कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले आणि किती वेळ लागला हे दाखवणाऱ्या नोंदीतील, वेळ वाचताना इनलाइन झालेल्या फंक्शनचा वेळ कॉल करणाऱ्याच्या नावावर जमा होतो, हे ध्यानात ठेवावे. स्टॅक ट्रेसमध्येही (त्या क्षणी चालू असलेल्या कॉलच्या साखळीतही) मधली नावे गळालेली असू शकतात. कर्नलच्या सोर्ससोबत येणारी एफ-अ‍ॅडर-टू-लाइन ही स्क्रिप्ट ती पत्त्यावरून पुन्हा उलगडून दाखवते.