स्कॅनर लिंकच होत नाही? ईसीयू बदलायच्या आधी हे बघा

गाडीतले फॉल्ट वाचणारा स्कॅनर ओबीडी सॉकेटला (डॅशबोर्डखालचं १६ पिनांचं सॉकेट) लावला, 'लिंक एरर' आला, की गॅरेजमधे पहिलं वाक्य ऐकू येतं ते म्हणजे "ईसीयू गेला". अहो थांबा जरा, ईसीयू म्हणजे इंजिनचा कंप्यूटर, तो महाग असतो आणि बहुतेक वेळा दुखणं साधंच निघतं.

आधी फुकटातलं. चावी ऑन आहे ना? सॉकेटला करंट कायम असतो म्हणून चावी बंद असतानाही स्कॅनरची लाइट लागते, पण ईसीयू तेव्हा झोपलेला असतो. आणि स्कॅनर म्हणून मोबाइलला जोडायचं ते ब्लूटूथवालं स्वस्त ईएलएम ३२७ अडॅप्टर असेल तर आधी दुसऱ्या चालू गाडीला लावून बघा. आयफोनवाल्यांनो, साधं ब्लूटूथवालं तुमच्याकडे चालणार नाही, वायफायचं किंवा बीएलईवालं (ब्लूटूथ लो एनर्जी) घ्या.

स्कॅनरची लाइटच लागत नसेल तर फ्यूज. बऱ्याच गाड्यांत सिगारेट लायटर आणि हे सॉकेट एकाच फ्यूजवर असतं, म्हणजे मोबाइल चार्जर चालत नसेल तर समजून जा.

आता मल्टिमीटर. सॉकेटची रुंद बाजू वर धरली की वरच्या ओळीत डावीकडून १ ते ८, खाली ९ ते १६. १६ वर बॅटरीचा प्लस, ४ बॉडीचा अर्थ (म्हणजे अर्थिंग, मायनस), ५ सिग्नलचा अर्थ. १६ आणि ४ मधे १२ व्होल्टच्या आसपास यायला पाहिजे, मग १६ आणि ५ मधेही बघा. फक्त जाड प्रोब सॉकेटमधे खुपसू नका, आतली पिन फाकते आणि मग तोच नवीन फॉल्ट होऊन बसतो, जमलं तर मागून वायरच्या बाजूने लावा.

इथेच खरी गंमत आहे. गोव्यात मिरामार, कळंगुटसारख्या किनाऱ्याजवळ कायम उभ्या राहणाऱ्या गाड्यांत खारी हवा आणि वर आपला पाऊस, कार्पेट ओलं, अर्थच्या बोल्टवर हिरवट थर धरतो. अशा कुजक्या वायरवरही मीटर आरामात १२ दाखवतो कारण तो करंट ओढतच नाही. म्हणून इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब १६ आणि ४ मधे लावून बघा, मंद पेटला की अर्थ किंवा प्लस कुठेतरी खाल्लेला आहे, बोल्ट काढा, घासा, घट्ट बसवा. बल्ब बाकी कुठल्याच पिनला लावायचा नाही हां, ५ ला सुद्धा नाही.

पॉवर, अर्थ दोन्ही ठीक असतील तर कॅन लाइन, म्हणजे गाडीतले कंप्यूटर ज्यावरून एकमेकांशी बोलतात त्या दोन वायर. बॅटरीचा मायनस काढून ६ आणि १४ मधे ओहम मोजा. साधारण ६० आले तर लाइन ठीक. १२० म्हणजे एका टोकाचा रेझिस्टर तुटलाय किंवा मधे वायर कट आहे (उंदीर!). शून्याजवळ म्हणजे दोन्ही वायर एकमेकींना चिकटल्यात नाहीतर एखादं मॉड्यूल (लाइनवरचा एखादा कंप्यूटर) आतून शॉर्ट आहे, एकेक मॉड्यूलचा कनेक्टर काढत मीटर बघत रहा, ज्याला काढल्यावर रीडिंग वर जाईल तो चोर. बाहेरून बसवलेला स्टिरिओ, जीपीएस ट्रॅकर, रिमोट लॉक हे सगळ्यात आधी काढा, रेंट-अ-कॅबवाल्यांनी (गाड्या भाड्याने देणाऱ्यांनी) तर नक्कीच. काही गाड्यांत सॉकेट आणि लाइनच्या मधे गेटवे नावाचं मॉड्यूल असतं तिथे ओहम वेगळे येऊ शकतात, त्या गाडीचं वायरिंग डायग्राम बघा.

जुनी गाडी असेल आणि ६, १४ ला पिनच नसेल तर ती बहुतेक के-लाइनवाली (कॅनच्या आधीची एका वायरची लाइन), पिन ७ बघा, चावी ऑन केल्यावर तिथे बॅटरीच्या जवळपास व्होल्टेज दिसायला पाहिजे.

एवढं सगळं ओके आणि तरी गप्प? तर मग ईसीयूचा स्वतःचा फ्यूज, मेन रिले (ईसीयूला पॉवर देणारा स्विच) आणि अर्थ तपासा, आणि तेही बरोबर निघाले तरच ईसीयू उघडायला द्या.