गिरिराज किंवा गावरान कोंबडीची पिल्लं पहिल्यांदाच आणताय? आधी हे वाचा

पिल्लं आणायच्या आधी ऊब तयार ठेवा, पिल्लं घरी आल्यावर बल्ब शोधत फिरू नका. गोल पत्रा किंवा पुठ्ठ्याचं रिंगण करा, कोपरे नकोत कारण थंडी वाजली की सगळी कोपऱ्यात एकावर एक चढतात आणि खालची गुदमरतात. खाली दोन-तीन इंच भाताचं तूस, नुसता पेपर नको, पाय घसरून फाकतात.

पहिल्या आठवड्यात साधारण ३५ डिग्री, मग दर आठवड्याला ३ डिग्री कमी. थर्मामीटर नसला तरी चालतं, पिल्लंच सांगतात: बल्बखाली गठ्ठा करून चिवचिवाट म्हणजे थंडी, लांब पळून चोच उघडी म्हणजे गरमी, सगळीकडे पसरून आरामात टिपतायत म्हणजे बरोबर. लाइट जाते तिथे कोळशाची शेगडी वगैरे करतात लोक, पण बंद खोलीत अजिबात नको, धुराने मरतात.

आल्या आल्या गूळपाणी, मग थोड्या वेळाने स्टार्टर (लहान पिल्लांचं) खाद्य. पाण्याचं भांडं उथळ, त्यात स्वच्छ खडे टाका नाहीतर बुडतात. पाणी सांडलं की ओलं तूस लगेच काढा, रक्ती हगवण त्यातूनच वाढते, आणि विष्ठेत रक्त दिसलं तर थेट पशुवैद्यकीय दवाखाना. ५ ते ७ दिवसांत लासोटा (राणीखेत म्हणजे मानमोडी रोगाची लस), १४व्या दिवसाच्या आसपास गंबोरो रोगाची लस, लस बर्फातच आणायची.

आणि वरून बारीक जाळी लावाच, मांजरापेक्षा उंदीर-घुशी जास्त नेतात.