पणजोबांचं घर शोधायला निघण्याआधी

दिवाळीच्या सुट्टीत बेळगावला यायचं आणि दोन दिवसांत पणजोबांचं घर शोधून काढायचं, असा बेत करून पुण्या-मुंबईचे पाव्हणे दर वर्षी येतात. नेमकी तेव्हा सगळी ऑफिसं बंद असतात. म्हणून सुट्टी बघून नाही, कामाचे दिवस बघून या. आणि येण्याआधी निम्मं काम घरी बसून उरका.

सुरुवात ट्रंकेपासून. शेतसाऱ्याच्या पावत्या, लग्नपत्रिका, शाळेचा दाखला, जुनी पोस्टकार्डं. पोस्टकार्डावरचा मजकूर नंतर वाचा, आधी पत्ता आणि पोस्टाचा शिक्का बघा. मग घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. "पणजोबा कुठं राहायचे?" असं विचारलंत तर "बेळगावला" एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी पाणी कुठल्या विहिरीचं आणायचे, शेजारी कुणाचं घर होतं, कुठल्या गावच्या लक्ष्मी यात्रेला लेकी माहेरी यायच्या, हे विचारा. आडनावावर फार भिस्त ठेवू नका. येळ्ळूरकर किंवा कडोलकर हे आडनाव बहुतेक वेळा गाव सोडून दुसरीकडे गेल्यावर चिकटतं. मूळ गावच्या जुन्या कागदांत तोच माणूस नुसता नाव आणि बापाचं नाव एवढ्यावर सापडतो.

पुढचं काम सगळ्यात महत्त्वाचं, आणि तेच कोणी करत नाही. ज्या वर्षाचा शोध आहे त्या वर्षी ते गाव कोणाच्या राज्यात होतं, हे कागदावर लिहून काढा. बेळगाव शहर ब्रिटिश मुंबई इलाख्यात होतं, पण त्याला खेटून असलेलं शहापूर सांगली संस्थानात. रायबाग कोल्हापूरचं. सांगली १९४८ मध्ये आणि कोल्हापूर १९४९ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात (आताच्या कर्नाटकात) गेला, पण चंदगड तालुका त्यातून काढून कोल्हापूर जिल्ह्याला जोडला. गाव जागचं हललं नाही, दप्तर मात्र हललं. मी स्वतः यात फसलो आहे. आज्जी "आमचं गाव बेळगाव जिल्ह्यात" म्हणायची, म्हणून तीन दिवस इथल्या कचेऱ्यांच्या पायऱ्या चढलो. तिच्या लहानपणी ते खरंच होतं, पण गाव चंदगडचं निघालं. चूक आज्जीची नव्हती, मी साल विचारलं नव्हतं. शहरातही तीच गत. घर कॅम्पात, म्हणजे लष्करी छावणीच्या भागात, असेल तर महापालिकेत जाऊन उपयोग नाही, नोंदी कँटोन्मेंट बोर्डाकडे. गावठाणातलं घर असेल तर ग्रामपंचायत, शहरात सिटी सर्व्हेचा उतारा.

आता कुठला कागद काय सांगतो ते. उताऱ्यावर नाव सापडलं की लोक पेढे वाटतात. पण जमीन कुठं होती आणि माणूस कुठं राहत होता, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. शेत येळ्ळूरला आणि बिऱ्हाड शहरात अनंतशयन गल्लीत, असं सर्रास असायचं. राहण्याचा पुरावा पाहिजे तर शाळेचं जनरल रजिस्टर आणि जुनी मतदार यादी बघा. जन्माच्या नोंदीत कित्येकदा बाळाचं नावच नसतं, नुसतं "मुलगा" आणि बापाचं नाव असतं, म्हणून बापाच्या नावानं शोधा. उताऱ्यापेक्षा फेरफार, म्हणजे जमिनीवरचं नाव बदलल्याची नोंद, जास्त बोलतो. "अमुक मयत, वारस तमुक, राहणार मुंबई" अशी एक ओळ मिळाली की घर कुठं पांगलं ते कळतं. कुळाची जमीन असेल तर १९७४ नंतर कुळानं मालकी मिळावी म्हणून भू-न्यायमंडळाकडे भरलेला फॉर्म नंबर ७ मागा. जमीन कोण, कधीपासून कसत होतं, याचा वाद त्या फायलीत असतो. भांडणाचे कागद नेहमीच बोलके.

तालुक्याच्या रेकॉर्ड रूममध्ये जाताना जुना सर्व्हे नंबर आणि आत्ताचा रि. स. (रिसर्व्हे) नंबर दोन्ही लिहून न्या. कंप्युटरवरचा उतारा कानडीत येतो आणि तो भूमी योजनेनंतरचा (कर्नाटकानं जमिनीच्या नोंदी कंप्युटरवर घेतल्या ती योजना), म्हणजे साधारण २००० पासूनचा. त्याआधीची हातानं लिहिलेली पहाणी (जमीन-पिकाचा उतारा) वेगळी मागावी लागते. अर्ज कानडीत लिहून घ्या. कानडी लिहिणारा मित्र बरोबर असला तर त्याला दुपारचं जेवण घाला, ते वसूल होतं. त्याहून जुने कागद मोडीत असू शकतात, तेव्हा मोडी वाचणारा आधीच ठरवा. फोटो काढायची परवानगी मिळाली तर कडेच्या शेऱ्यांसकट पूर्ण पानाचा काढा. साल शके असेल तर ७८ मिळवा, फसली (जुनं महसुली साल) असेल तर ५९०. एखाद्या वर्षाचा फरक पडला तर घाबरू नका.

एवढं सगळं करूनही हाती काही लागलं नाही तर हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांगत गावोगाव फिरणारा माणूस. आमच्याकडे सुगी झाली की हेळवी दारात येतो. पूर्वी बैलावर बसून यायचा, आता मोटरसायकलवर येतो. वंशावळ म्हणून दाखवतो, मूळ गाव कुठलं, तिथून कोण कधी उठून आलं, भाऊबंद कुठं कुठं पसरले, सगळं त्याच्या चोपडीत. कोर्ट त्याच्या शब्दावर निकाल देईल असं समजू नका, आणि त्यानं सांगितलेली पराक्रमाची गोष्ट जरा सोडूनच ऐका. पण गावाचं नाव त्याच्याकडे मिळतं आणि पुढं दप्तर कुठं शोधायचं ते ठरतं. त्याचं येणं मात्र आपल्या हातात नाही. म्हणून गावाकडं जो भाऊबंद राहतो त्याला आत्ताच फोन करा, आणि यंदा हेळवी आला की धान्य घालताना त्याचा मोबाईल नंबर लिहून घ्यायला सांगा.