नाटक कंपनीतला खून: शूटच्या आधी काय काय तयार पाहिजे

संगीत नाटकांच्या काळातला थ्रिलर करायचाय म्हटलं की सगळे आधी शालू, झुंबरं आणि मखमली पडद्याच्या मागे लागतात आणि खून कुणी, कसा केला हे शेवटी कधीतरी घाईघाईत ठरतं. तसं नको. सगळ्यात आधी वर्ष ठरवा. "साधारण शंभर वर्षांपूर्वी" असं लिहून चालणार नाही, एक आकडा पाहिजे, कारण पाच-दहा वर्षांनी या जगात सगळंच बदलतं. 1933 मध्ये आंधळ्यांची शाळा हे नाटक आलं त्यात बायकांची कामं पुरुष नटांऐवजी बायकांनीच केली होती, 1932 मध्ये अयोध्येचा राजा बोलपट म्हणून येऊन गेला होता, आणि तुम्ही त्याच वर्षात गावोगाव हिंडणारी भरभराटीची कंपनी दाखवलीत तर जाणकार तिथेच उठून जाईल.

मी 1910 चा शेवट घेईन. कारण सांगतो. 21 डिसेंबर 1909 ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनला अनंत कान्हेरेंनी गोळ्या घातल्या, किर्लोस्कर मंडळीचं शारदा हे नाटक बघायला तो आला होता. एप्रिल 1910 मध्ये ठाण्याला कान्हेरेंसह तिघांना फाशी झाली, त्याच वर्षी खाडिलकरांच्या कीचकवध या नाटकावर बंदी आली, नाटकं बंद पाडायचा 1876 चा कायदा सरकारच्या हातात होताच. म्हणजे नाट्यगृह आणि पोलीस यांची गाठ तुम्हाला ओढूनताणून घालावी लागत नाही, ती पडलेलीच आहे. फक्त एक करा, तो प्रसंग उचलून त्यात स्वतःचा भलताच गुन्हेगार बसवू नका. ते लोक खरे होते. त्याची नुसती सावली घ्या: पुढच्या वर्षी एका काल्पनिक कंपनीचा मुक्काम, दारात साध्या कपड्यातला माणूस, संहितेची एक प्रत फौजदाराकडे, आणि मालकाला कीर्तीपेक्षा जास्त भीती कशाची तर खेळ बंद पडण्याची. मग अर्ध्या खेळात प्रेत सापडलं तरी तो खेळ थांबवणार नाही, आणि आपल्याला तेच हवंय!

आता खुनाची वेळ. इथे जितका वेळ घालवाल तितका कमी. थ्रिलरमध्ये कोण कधी कुठे होता हे लागतं आणि संगीत नाटकात नेमकं तेच कुणाला सांगता येत नाही, कारण वन्समोअर. पद संपलं, टाळ्या पडल्या, परत म्हणा, परत एकदा म्हणा, असं करत करत रात्री सुरू झालेला खेळ पहाटेपर्यंत जायचा. म्हणजे वहीत दहा मिनिटांचा असलेला प्रवेश आज दहा मिनिटांचा, उद्या पंचवीसचा. आता एखाद्याने ठरवलं की नायिकेचं पद सुरू असताना विंगेतून निघायचं, काम उरकायचं आणि वन्समोअर संपायच्या आत परत एंट्रीला उभं राहायचं, रोज तीन वन्समोअर पडतात हे त्याला पाठ आहे, आणि नेमकं त्या रात्री घसा बसलेला, एकच टाळी, पुढचं वाक्य सुरू. याच्या एवढी भारी गोची मला तरी दुसरी सुचत नाही. पण त्यासाठी तयारीत काय पाहिजे, तर प्रत्येक पदाची लांबी घड्याळ लावून मोजलेली पाहिजे, गायकाला बसवून, वन्समोअरसकट आणि वन्समोअरशिवाय, आणि तो तक्ता स्क्रिप्टला जोडलेला पाहिजे.

याच्यावर आणखी एक मजा आहे. 1906 पासून देशात स्टँडर्ड टाइम आला, रेल्वे त्यावर चालायला लागली, पण मुंबईने जुना मुंबई टाइम सोडला नाही, पालिकेची घड्याळं त्यानंतरही कितीतरी वर्षं 39 मिनिटं मागेच होती. म्हणजे कंपनी पुण्याहून गाडीने बोरीबंदरला उतरली, मॅनेजरच्या खिशातल्या घड्याळात आठ वाजलेत आणि रस्त्यावरच्या घड्याळात सात एकवीस. साक्षीदार म्हणतो मी साडेनऊला त्याला दारात बघितलं, कुठले साडेनऊ? हे वापरायचं असेल तर मुक्काम मुंबईतच ठेवा आणि सेटवर दिसणारं प्रत्येक घड्याळ कोणत्या वेळेचं आहे ते आधी लिहून काढा, नाहीतर कंटिन्युइटीवाला वेडा होईल.

प्रॉम्प्टरचं, म्हणजे नटांना विंगेतून वाक्यं पुरवणाऱ्या माणसाचं पात्र नीट लिहा, तीन वाक्यं देऊन वाटेला लावू नका. विंगेत कोपऱ्यात उभा, हातात हाताने लिहिलेली जाडजूड वही, पानांच्या कडा तेलाने काळपटलेल्या, बोट ओळीवर, बाजूला बारीक केलेला कंदील. त्याला स्टेजही दिसतं आणि मागची ये-जाही दिसते, आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही. त्याच्या वहीच्या समासात कुठल्या दिवशी कुठल्या पदाला किती वन्समोअर याच्या पेन्सिलीच्या खुणा असतील तर तोच तुमचा पुरावा, वेगळं काही शोधायला नको. ही वही आर्ट डिपार्टमेंटकडून खरी लिहून घ्या, मोडीत की बाळबोधात ते ठरवून, क्लोजअपला छापील फॉन्ट दिसला की संपलं.

स्त्रीपार्टी नटाबद्दल, म्हणजे बायकांची कामं करणाऱ्या पुरुषाबद्दल, एक विनंती. शेवटी टोप उतरवून "ती बाई नव्हतीच" असा ट्विस्ट टाकू नका. 1910 मधल्या प्रेक्षकाला ते तिकीट काढतानाच माहीत होतं. त्यापेक्षा हे बघा, मुख्य नट आणि बदली नट, दोघांचा एकच शालू, एकच गंगावन (खोटे केस), मागच्या अंधारात पाठमोरी आकृती. शपथेवर "मी शारदेला जिन्याकडे जाताना पाहिलं" म्हणणारा खोटं बोलत नाहीये, प्रश्न एवढाच की त्या वेळी शालूच्या आत कोण होतं. त्यासाठी कपडेपट सांभाळणारा माणूस पात्र म्हणून हवा, शालू कुणाला कधी दिला हे त्याला ठाऊक असतं. नटाला मात्र निदान महिनाभर आधी नऊवारीत चालायला, बसायला, पदर सावरायला लावा. काष्टा शूटच्या दिवशी शिकून येत नाही.

रंगपटात, म्हणजे नट तोंड रंगवतात त्या खोलीत, सफेता, पिवडी, हिंगूळ, मुरदाडशिंग असल्या रंगांच्या पुड्या मांडल्या की विषाची आयडिया आपोआप येते. हिंगुळात पारा, मुरदाडशिंगात शिसं, खरंय. पण तोंडाला रंग लावला आणि तिसऱ्या अंकात पडला, असं होत नाही, ही विषं सावकाश अंगात भिनणारी. झटपट मारायचं असेल तर दुसरं काहीतरी बघा. आवाज लपवायला मात्र चांगली सोय आहे, वादळाच्या प्रवेशाला विंगेत पत्रा हलवतात त्या गडगडाटात पिस्तुलाचा बार खपून जातो.

उजेडाचं कॅमेरामनशी आधीच बोलून घ्या. मुंबईत वीज होती, 1907 ला विजेची ट्रामही धावली, पण बाहेरगावच्या मुक्कामात किटसनच्या बत्त्या, म्हणजे दाबाने रॉकेल जाळणारे मोठे दिवे. त्यांचा उजेड पांढरा, झगझगीत, आणि सतत फुसफुस आवाज, मेणबत्तीसारखा पिवळा मंद रोमँटिक नाही. सगळं सोनेरी करून ठेवायची फॅशन आलीय ती इथे चुकीची आहे. संवादात पेट्रोमॅक्स म्हणू नका, किटसनच म्हणा. आणि माईक नव्हते, तेव्हा स्टेजवरचा नट शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकतोय असं दिसू द्या, विंगेत आला की कुजबुज. हा फरक साउंडमध्ये आला की अर्धा काळ तिथेच उभा राहतो.

बारीकसारीक गोष्टी भराभर. गर्दीत गांधी टोपी एकही नको, पगड्या, पागोटी, काळ्या टोप्या. गजऱ्याला नायलॉनचा दोरा नको, चोळीला चेन तर नकोच, जरीची चमक खोटी वाटते ती पण बघा. पैसे आण्यात, सोळा आण्यांचा रुपया, आणि नाण्यांवर एडवर्ड. पंचम जॉर्जचा रुपया 1911 चा, त्यावरचा बारीक हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला आणि सरकारला तो मागे घ्यावा लागला, म्हणजे कथा थोडी पुढे ढकललीत तर मयताच्या मुठीत तो रुपया ठेवता येईल. बोटांच्या ठशांचं ऑफिस कलकत्त्यात 1897 पासून होतं, तेव्हा तपासात ठसे चालतील, पण निकाल दोन तासांत आणू नका.

पदांचे हक्क वेळेत तपासा. किर्लोस्कर, देवल, खाडिलकर यांचे शब्द आता मोकळे आहेत, लेखक गेल्यावर 60 वर्षं हा आपल्याकडचा नियम. पण चाल कुणाची, ध्वनिमुद्रण कुणाचं हे वेगळे प्रश्न, म्हणून पदं नव्याने गाऊन घेतलेली बरी. साथीला पायपेटी (पायाने भाता मारायची पेटी) किंवा ऑर्गन, सारंगी, तबला, मागून व्हायोलिनांचा थवा नको.

लोकेशन म्हणून जुनं नाट्यगृह मिळालं तर रंगवलेले कापडी पडदे आणि खरा जाळ एका फ्रेममध्ये आणू नका. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह 2024 मध्ये जळालं, ते आठवत असेलच. बत्त्यांच्या आत एलईडी घाला, फुसफुस नंतर डबिंगला भरा, विंगेमागे आग विझवायचं सामान आणि ते वापरता येणारा माणूस ठेवा, आणि खोट्या पिस्तुलाचीसुद्धा परवानगीची कागदं प्रॉडक्शन मॅनेजरच्या पिशवीत रोज असू द्या.