झपाटलेल्या हवेलीत तपास करताना या चुका टाळा

संगणकावरील लपलेल्या वस्तू शोधण्याच्या खेळांपैकी ‘मिस्टरी केस फाइल्स’ मालिकेतील ‘रेव्हनहर्स्ट’ हा २००६ साली आलेला खेळ आजही नवे खेळाडू मिळवतो, आणि प्रत्येक नवा खेळाडू त्याच त्या चुका इतक्या निष्ठेने करतो की त्या एकदाच्या लिहून काढणे भाग पडले. इंग्लंडमधील ब्लॅकपूल येथील एका ओसाड हवेलीत गुप्तहेर म्हणून आपली नेमणूक होते. तेथील खोल्या सामानाने ठासून भरलेल्या असतात, आणि दिलेल्या यादीतील वस्तू ठरावीक वेळेत शोधून काढायच्या असतात.

सर्वांत मोठी, आणि मला सर्वाधिक संताप आणणारी चूक म्हणजे अंदाधुंद क्लिक करणे. वस्तू दिसत नसेल तर सगळीकडे टकटक करून पाहावे, कोठे ना कोठे नेम लागेलच, असे अनेकांना वाटते. खेळ बनवणाऱ्यांना ही खोड आधीपासूनच ठाऊक असल्यामुळे चुकीचे क्लिक वाढले की हाती असलेल्या वेळातून दंड म्हणून काही वेळ कापला जातो. दिवाळीच्या सुट्टीत आलेला माझा भाचा बंदुकीचे खेळ खेळून तयार झालेला असल्याने आपले बोट वेगवान आहे याचा त्याला फार अभिमान होता. त्या वेगाने त्याने सगळा वेळ दंडातच घालवला, प्रकरण पहिल्यापासून सुरू करावे लागले, यादी बदललेली निघाली, आणि त्याने खेळच बिघडलेला असल्याचे जाहीर केले. शेजारी चष्मा लावून बसलेली माझी आई, जिने आयुष्यात माऊसला हात लावलेला नाही, ती शांतपणे म्हणाली, “बाळा, जरा हात थांबव. तो पंखा भिंतीवरच्या नक्षीतच काढलाय बघ.” त्यानंतर आजीने बोट दाखवायचे आणि नातवाने क्लिक करायचे, अशी व्यवस्था ठरली, आणि ते प्रकरण बराच वेळ शिल्लक ठेवून संपले.

माझी स्वतःची सवय अशी की खोली उघडताच माऊसवरून हात काढावा, यादी संपूर्ण वाचावी आणि मग डावीकडून उजवीकडे एकेक पट्टा नजरेखालून घालावा, जसे ताटातले तांदूळ थोडे थोडे पुढे ओढत निवडतात. मधल्या भागाकडे सर्वांचीच नजर आधी जाते, म्हणून मी कडा आणि कोपरे प्रथम पाहते. एखादी वस्तू अजिबात सापडत नसेल तर तिच्यासाठी अडून न बसता नकाशावरून दुसऱ्या खोलीत जावे. परत आल्यावर तीच वस्तू समोर दिसते, हा अनुभव वारंवार येतो.

आकार आणि रंग यांच्यावर विश्वास ठेवू नये. जहाज अंगठ्याएवढे असू शकते, सुरी पडद्याच्या चुणीत पडद्याच्याच रंगाची असू शकते, आणि यादीतील इंग्रजी ‘बो’ हे धनुष्य असेल, रिबिनीची गाठ असेल किंवा व्हायोलिनचा गज असेल, हे शोधणाऱ्यानेच ठरवायचे असते.

दुसरी चूक दारांपाशी होते. या हवेलीतील दारांवर साधी कुलपे नसून दातेरी चाके, खटके आणि तरफा यांची गुंतागुंतीची यंत्रे आहेत, ज्यांत एक भाग हलवला की त्याचा परिणाम दुसऱ्याच भागावर होतो. अधीर खेळाडू येथे पोचताच प्रत्येक खटका दाबत सुटतात, आणि चुकून दार उघडले तर ते का उघडले हे त्यांना सांगता येत नाही, त्यामुळे पुढच्या दारापाशी त्यांची तीच अवस्था होते. मी आधी कर्सर फिरवून कोणते भाग हलण्याजोगे आहेत ते पाहते, मग एका वेळी एकच भाग हलवते आणि त्याने काय बदलले ते कागदावर टिपते. कागद-पेन्सिल घेऊन खेळ खेळण्याला माझ्या घरातले लोक हसतात. मात्र दार अडले की तेच लोक कागद मागायला येतात.

अडलेली वस्तू दाखवणाऱ्या हिंट मर्यादित असतात, त्यामुळे त्या प्रकरणाच्या शेवटच्या वस्तूंसाठी राखून ठेवाव्यात. वॉकथ्रू, म्हणजे खेळ कसा सोडवायचा हे पायरीपायरीने सांगणारी तयार मार्गदर्शिका, याविषयी माझे मत कडवट आहे: वस्तूंच्या याद्या दर खेळात बदलत असल्याने तेथे त्याचा फारसा उपयोग होत नाही, आणि कुलपांची उत्तरे तयार मिळवायची असतील तर हवेलीत जाण्याचे कारणच उरत नाही.

तांत्रिक अडचणी दोनच सांगण्याजोग्या आहेत. त्या काळातील चित्रे ४:३ प्रमाणाच्या स्क्रीनसाठी केलेली आहेत. आजच्या रुंद स्क्रीनवर ती ताणली गेली की गोल वस्तू अंडाकृती दिसतात आणि ओळखू येत नाहीत, म्हणून ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये मूळ प्रमाण कायम ठेवावे. तसेच काळोख्या खोल्यांसाठी स्क्रीनचा प्रकाश वाढवावा. अंधारात बसून खेळल्याने भीती वाढत असेलही, पण वस्तू सापडत नाहीत.

खेळाच्या कथेची नायिका एमा, तिच्या डायरीची पाने न वाचता पुढे जाणारे खेळाडू मला कधीच समजले नाहीत. चार्ल्स डालिमार याची लग्नाची मागणी एमाने नाकारली आणि त्यानंतर जे घडले, ते त्या पानांतूनच उलगडते. ती वगळल्यास उरते ते फक्त अडगळ आवरणे. घड्याळ डोक्यावर नको असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी २००८ साली आलेल्या ‘रिटर्न टू रेव्हनहर्स्ट’ या पुढच्या भागात वेळेची मर्यादा नाही आणि हिंटही थोड्या वेळाने पुन्हा भरते, परंतु त्याची कथा पहिल्या भागावरच उभी असल्याने सुरुवात तेथून करू नये.