अमेरिकेत हेम्प प्लांटच्या परमिटिंगमध्ये नवीन येणाऱ्यांसाठी

केमिकल करून इकडे आलेली आपली बरीच मुलं हल्ली प्रोसेस सेफ्टी आणि परमिटिंगमध्ये शिरतायत, त्यातल्या कुणाला हेम्पवर (गांजाच्याच जातीचं, पण नशा न आणणारं पीक) प्रक्रिया करणाऱ्या प्लांटचं काम मिळालं की विचारणा येते, दादा सुरुवात कुठून करू. हेम्पला कायदेशीर करणारं २०१८ चं फार्म बिल, ०.३ टक्के टीएचसीची (नशा आणणारा घटक) मर्यादा वगैरे तुम्ही वाचलेलं असणारच, ते परत सांगत बसत नाही. एवढंच लक्षात ठेवा की कारखाना कुठे टाकायचा आणि आत काय किती ठेवायचं हे त्या त्या सिटीचं नाहीतर काउंटीचं प्लॅनिंग, बिल्डिंग डिपार्टमेंट आणि फायर मार्शल (आगीपासून सुरक्षेचा सरकारी अधिकारी) ठरवतात, आणि शेजारच्या काउंटीत सगळं वेगळं असू शकतं. एमआयडीसीत काम केलेल्यांना हे पचायला वेळ लागतो, कारण तिथे प्लॉट मिळाला की जागा इंडस्ट्रियल आहे का हा प्रश्नच उरत नाही.

झोनिंगबद्दल, म्हणजे कुठल्या जागेवर कुठला धंदा चालेल याबद्दल, थोडक्यात. काड्या फोडून फायबर काढणं काही ठिकाणी शेतमाल प्रक्रियेत बसतं, एक्स्ट्रॅक्शन, म्हणजे इथेनॉलसारख्या सॉल्व्हंटने हेम्पमधून सीबीडी (नशा न आणणारा घटक) काढणं, म्हटलं की बहुतेक वेळा मॅन्युफॅक्चरिंगमध्ये. कंडिशनल यूज परमिट, म्हणजे अटींवर मिळणारी खास परवानगी, लागलं तर पब्लिक हिअरिंग होतं आणि शेजारीपाजारी वासावरून हमखास बोलतात, त्याची तयारी ठेवा. जे काय उत्तर मिळेल ते लेखी घ्या, फोनवरच्या "हो चालेल"ला काही अर्थ नसतो.

आता ज्याने आमचं कंबरडं मोडलं ते. माझ्या आधीच्या कंपनीने झोनिंगचं पत्र आलं म्हणून लगेच लीजवर सही केली. झोन इंडस्ट्रियल, इमारत एफ-१ म्हणजे साधा कारखाना, सगळे खूश. प्लॅन फायर मार्शलकडे गेले आणि त्यांनी एकच विचारलं, एका कंट्रोल एरियात (इमारतीतला असा भाग जिथे धोकादायक माल ठराविक मर्यादेपर्यंतच ठेवता येतो) एकूण इथेनॉल किती?

इथून पुढचं दोनदा वाचा. इथेनॉल क्लास वन-बी, म्हणजे सहज पेटणारं, लिक्विड आहे, फ्लॅश पॉइंट साधारण १३ अंश सेल्सिअस, म्हणजे नेहमीच्या खोलीत त्याची वाफ पेट घेऊ शकते. बहुतेक शहरं ज्या इंटरनॅशनल बिल्डिंग कोडवर चालतात त्याच्या टेबलमध्ये स्प्रिंकलर नसलेल्या एका कंट्रोल एरियाला मर्यादा १२० गॅलन, म्हणजे साधारण ४५४ लिटर. ५५ गॅलनचे दोन ड्रम बसतात, तिसरा नाही. स्प्रिंकलर असेल तर दुप्पट, ड्रम मान्य कॅबिनेटमध्ये ठेवले तर अजून दुप्पट, हे मशीन विकणारा आवर्जून सांगतो. तो टेबलाखालची तळटीप सांगत नाही: वापरातलं आणि साठवलेलं मिळून बेरीज स्टोरेजच्या आकड्यापुढे जाता कामा नये. म्हणजे ड्रममधलं, चिलरच्या टाकीतलं, सेंट्रिफ्यूजमधलं, इव्हॅपोरेटरमधलं, रिकव्हर होऊन परत आलेलं, आणि ओल्या चोथ्यात मुरलेलंसुद्धा. कॅबिनेटची सवलत टाकीतल्या मालाला नाही. उघड्यावर वापर असेल तर मर्यादा अजून खाली, ३० गॅलन. बेरीज वर गेली की जागा एच-२ किंवा एच-३, म्हणजे धोकादायक मालाच्या वर्गात जाते आणि मग भिंती, अंतरं, व्हेंटिलेशन सगळं बदलतं. आमची गेली. मालकाने इमारतीत एवढी तोडफोड करू दिली नाही, भाडं चालू, मशीन क्रेटमध्ये पडून, आणि चांगल्या लोकांच्या नोकऱ्या गेल्या. ते अजून आठवतं आणि त्रास होतो. म्हणून लीजच्या आधी प्रत्येक भांड्याचं पूर्ण भरल्यावरचं माप एका शीटवर लिहा, बेरीज करा, आणि तुमच्या सिटीने कोडची कुठली आवृत्ती घेतलीय ते बघा.

घाबरू मात्र नका, हे काम शिकता येतं. फायर मार्शलकडे प्लॅन काढण्याआधीच भेट मागा, बहुतेक जण मनापासून मदत करतात. पुढच्या नोकरीत एका इन्स्पेक्टरने चोथ्याची पिशवी उचलून बघितली, वजन जाणवल्यावर म्हणाले, हा वाळवता कुठे ते दाखवा. कोड त्या पिशवीपर्यंत पोचतो हे मला तिथे कळलं. माझं ठाम मत आहे की निवृत्त फायर इन्स्पेक्टरसारखा गुरू नाही, आणि "आठवड्यात परमिट काढून देतो" म्हणणाऱ्या कन्सल्टंटपासून लांब राहा. पंप यूएल लिस्टेड (यूएल या सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेच्या यादीतला) आहे म्हणून पूर्ण सिस्टीम लिस्टेड होत नाही, तसं नसेल तर इंजिनिअरचा टेक्निकल रिपोर्ट लागतो, तो कोटेशनमध्येच मागून घ्या. गॅस डिटेक्टर एलईएलच्या (हवेत वाफेचं ज्या किमान प्रमाणाला पेट घेता येतो ते) २५ टक्क्यांवर किंवा त्याआधीच वाजला पाहिजे. इथेनॉलचा एलईएल ३.३ टक्के आहे, हिशोब स्वतः करून बघा.

फायबरवाल्यांनो, सॉल्व्हंट नाही म्हणून निर्धास्त राहू नका. डेकॉर्टिकेटरची (काड्या फोडून फायबर काढणारं मशीन) बारीक धूळ तुळयांवर, केबल ट्रेवर बसते आणि ती स्फोटक असू शकते. २००८ मध्ये जॉर्जियातल्या इम्पिरियल शुगरच्या कारखान्यात साखरेच्या धुळीने १४ माणसं गेली. डस्ट हॅझर्ड ॲनालिसिस, म्हणजे धुळीच्या धोक्याची तपासणी, झालंय का हे पहिल्याच दिवशी विचारा, आणि नसेल तर विचारत राहा, नवीन आहात म्हणून गप्प बसू नका.

आणि ऑफर घेण्याआधी कंपनीचा माल काय ते नक्की विचारा. नोव्हेंबर २०२५ मध्ये सही झालेल्या कायद्याने हेम्पची व्याख्या आवळलीय, वर्षभराने लागू व्हायची, त्यात एकूण टीएचसी धरतात आणि तयार मालात एका डब्याला ०.४ मिलिग्रॅमची मर्यादा आहे. फायबर आणि बियांच्या धंद्याला त्याची झळ फारशी नाही, सीबीडी एक्स्ट्रॅक्शनला मोठी आहे.