वास्तव बदलणाऱ्या यंत्राची कॉमिक्सकथा जुन्या घाटात कशी रचावी

परग्रहवासीयांचे एखादे यंत्र माणसाच्या हाती लागते आणि भोवतालचे वास्तवच बदलू लागते, हा कथाप्रकार 1950च्या दशकातील अमेरिकी विज्ञान-कॉमिक्समध्ये वारंवार भेटतो. दहा सेंटच्या त्या अंकांत बहुधा अनेक स्वतंत्र कथा असत, त्यामुळे एका कथेच्या वाट्याला थोडीच पाने येत. तशी कथा आज रचायची असेल, तर सहा पानांची मर्यादा आधीच घालून घ्यावी.

सुरुवात मुखपृष्ठापासून करावी. 1950 साली सुरू झालेल्या ‘स्ट्रेंज ॲडव्हेंचर्स’ या विज्ञान-कॉमिक्स मालिकेचे संपादक ज्युलियस श्वार्ट्झ अनेकदा मुखपृष्ठाची कल्पना आधी पक्की करीत आणि मग तिच्याभोवती कथा लिहून घेत. ही रीत उलटी वाटली, तरी मला ती फार मोलाची वाटते. कारण ज्या यंत्राचा प्रताप एका चित्रात दाखवता येत नाही, तो सहा पानांतही नीट उलगडत नाही.

यानंतर यंत्राचा नियम एका वाक्यात लिहावा, आणि येथे मुळीच घाई करू नये. समजा, यंत्र म्हणजे एक पेटी आहे आणि नियम असा की ती उघडी असेपर्यंत वस्तू जेवढी दिसते तेवढीच असते. नायक एक डोळा मिटून दूरचा पाण्याचा मनोरा चिमटीत धरतो आणि तो खरोखरच उचलला जातो. कागदावर दूरची वस्तू लहानच काढावी लागते, म्हणून हा चमत्कार चित्रकाराच्या हातातला आहे. तो गद्यात सांगायला गेल्यास निम्मा विरतो. एकदा ठरलेला नियम पुढे सोयीसाठी बदलू नये. शेवटचा धक्का त्याच नियमातून निघायला हवा: नायक मनोऱ्याशी खेळत असताना लांबच्या टेकडीवरून दुसरे कोणीतरी त्याच्याकडे पाहत असते.

यंत्र कोणी व कशासाठी बनवले, हे एका संवादात आटोपावे. परग्रहवासीयांच्या लेखी ते रोजच्या वापरातले साधे अवजार असेल, तर उत्तमच.

चित्रांकनात पहिल्या दोन पानांच्या चौकटी सरळ आणि सारख्या ठेवाव्यात, म्हणजे पेटी उघडताच मोडलेली पहिली चौकट वाचकाला जाणवते. त्या काळची छपाई निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शाईंच्या ठिपक्यांतून स्वस्त कागदावर होत असे. तिचा परिणाम साधायचा असेल, तर रंग मोजके घ्यावेत आणि शुद्ध किरमिजी केवळ पेटीसाठी राखावा. पुढे तोच रंग आकाशात उतरला, की यंत्राची कक्षा वाढल्याचे वेगळे सांगावे लागत नाही. चित्रात दिसणारी गोष्ट निवेदनाच्या पट्टीत पुन्हा लिहिण्याची त्या काळची सवय मात्र उचलू नये. कच्चा आराखडा झाल्यावर सर्व निवेदन झाकून पाने पाहावीत, आणि जेथे कथा कळेनाशी होते, तेथे आधी चित्र बदलून पाहावे.